प्रोजेक्ट चेडू: घरातली जर्मन इंटर्न, मे ते सप्टेंबर २०२४

२६ मे २०२४, रविवार

ऑफिसात दिवसभर स्टेटस लिहिते तर घरचं का नको, म्हणून ही फाइल उघडली. ह्याने विचारलं, "स्कोप काय, बजेट काय?" आणि हसत पेपर घेऊन गॅलरीत गेला. हसू दे.

विषय असा की कन्या आठवीत आहे, शाळेत जर्मन आहे आणि शाळेशिवाय पुण्यात डेक्कनजवळच्या एका क्लासलाही जाते. त्या क्लासच्या सरांचा फोन आला की जर्मनीहून एक इंटर्न येतेय, २३ वर्षांची, परक्यांना जर्मन कसं शिकवायचं याचंच शिक्षण घेतेय, तीन महिने क्लासवर शिकवणार, तिला होस्टेल नको, घर हवंय, तुमच्याकडे तिसरी बेडरूम आहे ना? आहे, पण ती कन्येची आहे. क्लास जेवणाखाण्याचे महिना नऊ हजार देणार आणि कन्येची फी अर्धी. मी हो म्हणाले. फीसाठी म्हणाले हे इथे लिहून ठेवते, नंतर मोठ्या मनाच्या गोष्टी सांगायला नकोत.

आईंना (सासूबाई, मूळ कुडाळच्या, वय ७४, इंग्रजी शून्य) सांगितलं तर त्यांचा एकच प्रश्न, "ता मासे खाता काय?"

८ जून, शनिवार

तयारी.

फॉर्म सी. हे मला माहीतच नव्हतं. परदेशी माणूस आपल्याकडे राहायला आला की २४ तासांच्या आत कळवावं लागतं, हॉटेलवाल्यांनाच नाही, घरी ठेवून घेणाऱ्यांनाही. सगळं ऑनलाइन आहे पण आधी घराचं खातं काढायचं, ते मंजूर व्हायचं, मग लॉगिन मिळतं. माणूस दारात उभा राहिल्यावर हे करायला बसलात तर २४ तास असेच जातात, म्हणून आजच अर्ज टाकला. पासपोर्टची आणि व्हिसाची कॉपी, फोटो, सगळं तिच्याकडून मेलवर मागवलं, तिने दहा मिनिटांत नीट नावं दिलेल्या फाइल्स पाठवल्या. आमच्या ऑफिसात एवढं कोणी करत नाही.

सोसायटीच्या सेक्रेटरींना पत्र दिलं. "पीजी तर नाही ना ठेवत?" नाही हो काका.

कन्येची खोली रिकामी केली, ती आईंच्या खोलीत. भिंतीवरची पोस्टरं काढायची का यावर दोन दिवस चर्चा, शेवटी ठेवली. बाथरूममध्ये टिश्यू रोल. टेबल, दिवा, पंख्याचा रेग्युलेटर दुरुस्त.

१६ जून, रविवार

रात्री दीडला मुंबईला उतरली, गाडी पाठवली होती, सव्वासहाला घरी. उंच आहे, पाठीवर एक आणि पुढे एक बॅग. हात जोडून "नमस्कार" म्हणाली, तो नमस्कार इतका पाठ केलेला होता की आम्ही सगळे एकदम इंग्रजीत घुसलो, वेलकम, प्लीज कम, हाऊ वॉज द फ्लाइट. आई एकट्या "ये गो, बस" म्हणाल्या. ती बसली.

श्टुटगार्टजवळच्या एका गावची आहे. ह्याला लगेच श्टुटगार्ट आणि मुंबई १९६८ पासून जोडशहरं आहेत हे आठवलं, तिला माहीत नव्हतं, तो खूष.

फॉर्म सी दुपारी १२ च्या आत भरला. टिकमार्क.

१७ जून, सोमवार

पहिली गंमत. कन्या शाळेला निघताना आवर्जून "गूटन टाक" म्हणाली, तीही "गूटन टाक". आता लिहिताना जर्मन लोक शेवटी ग लिहितात पण बोलताना त्याचा क होतो, म्हणजे दिवस या शब्दाचा उच्चार सरळ टाक. आई स्वयंपाकघरातून पेला भरून ताक घेऊन आल्या. तिने प्यायलं. कन्या काही बोलली नाही, शाळेत पळाली. दुपारी क्लासवरून आल्यावर पुन्हा गूटन टाक, पुन्हा ताक. संध्याकाळी मी घरी आले तेव्हा मुलीच्या पोटात चार पेले गेलेले होते आणि आई मला सांगत होत्या, "ताक लय आवडता हां तिका."

२० जून, गुरुवार

आजारी पडली. ताकाने नाही, आमच्यामुळे.

चार दिवसांचा हिशोब लिहिते. नाश्त्याला पोहे, "थोडे अजून घे", ओके. डब्यात पोळ्या तीन दिल्या, आल्यावर "भूक लागली असेल", ओके. तिला संध्याकाळी साडेसहाला जेवायची सवय आहे, त्यांच्याकडे दुपारचं गरम आणि रात्री ब्रेड, चीज, काकडी असं गार खातात, आमचं जेवण सव्वानऊला. म्हणजे साडेसहाला ती उपाशी, सातला मी बिस्किटं-चिवडा देणार, नऊला वरणभात, पोळी, भाजी, वर ह्याचा आग्रह की आंबा संपवायचाय, सीझन संपतोय. ती प्रत्येक वेळी "ओके, थँक यू". आम्हाला वाटलं काय गोड मुलगी, किती आवडीने खाते.

काल रात्री उलट्या. सकाळी मी विचारलं, आर यू फाइन? "येस, नो प्रॉब्लेम." तोंड पांढरंफटक आणि नो प्रॉब्लेम. मीही म्हणाले, नो प्रॉब्लेम, टेक रेस्ट. आणि कॅब बुक करून ऑफिसला गेले, कारण क्लायंट कॉल होता.

आईंनी दिवसभर बघितलं. भाताची पेज, मीठ, एवढंच. डॉक्टर ह्याने आणला, साधंच आहे म्हणाले.

२३ जून, रविवार

बरी आहे. आज जे कळलं ते नीट लिहून ठेवायला पाहिजे.

तीन दिवस ती आणि आई घरात दोघीच. एकीला मराठी नाही, दुसरीला इंग्रजी नाही. मधे कोणी नाही, त्यामुळे नो प्रॉब्लेम म्हणायची सोयच नाही. आईंनी पोटावर हात ठेवून भुवया वर केल्या, तिने पोट धरून "मिअर इस्ट श्लेश्ट" म्हणलं. आईंनी ताट दाखवलं, तिने हात आडवा केला, "नाइन". आईंनी पुन्हा दाखवलं, पुन्हा नाइन. आई मला सांगत होत्या, "नऊ नऊ करी होता, मगे कळला, नाय म्हणता ता." झालं. त्यांच्यात ठरलं की नको म्हणजे नको. आम्ही चार शिकलेली माणसं, इंग्रजीत एकमेकांशी इतकं सभ्य बोलत होतो की मुलगी आजारी पडेपर्यंत कोणाला पत्ता नाही.

ती म्हणते (इंग्रजीतच, आता थोडी मोकळी झाली) की इथे नाही म्हणणं वाईट दिसतं असं तिने कुठेतरी वाचलं होतं. आणि मला वाटत होतं तिला भूक आहे. दोघी आपापलं पुस्तक पाळत होतो.

दुसरं म्हणजे आई पण रात्री सातलाच जेवतात, डायबेटिस आहे ना. तर ठरलं, चेडू आणि आई सातला, आम्ही सव्वानऊला. चेडू म्हणजे तीच. नाव आईंना उच्चारता येत नाही, मालवणीत मुलीला चेडू म्हणतात, तेच नाव पडलं, फाइलचंही नाव बदलते.

यावरून संध्याकाळी भारी विषय निघाला. कन्या रडत होती की जर्मनमध्ये मुलगी, मेडशेन, नपुंसकलिंगी कशी काय, दास मेडशेन, काय लॉजिक आहे. चेडू सांगत होती की शेन लागून लहान केलेला कुठलाही शब्द तिकडे नपुंसकच होतो. मी ते आईंना सांगितलं तर त्यांना काही नवल नाही. "चेडू ताच. ता इला, ता गेला. तो नाय नी ती नाय." खरंय की, मालवणीत चेडू नपुंसक. आणि घाटावर तरी काय, ते पोरगं म्हणतोच. इंग्रजीत तीन लिंगांची पंचाईतच नाही म्हणून कन्या इंग्रजीतून पाठांतर करत बसली होती, घरात तो-ती-ते रोज बोलतो ते तिच्या डोक्यातच आलं नाही, माझ्याही नाही.

३० जून, रविवार

काल रात्री टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची फायनल. चेडूला दहा वाजता झोप आली, आम्ही "आता मजा येणारे" म्हणून थांबवायला गेलो आणि ती म्हणाली "नको". स्पष्ट मराठीत. आईंनी शिकवलंय. गेली झोपायला. आपण सात धावांनी जिंकलो आणि सोसायटीत जे फटाके सुरू झाले त्याने धडपडत बाहेर आली, काय झालं? ह्याने तिला सूर्यकुमारचा कॅच रात्री पाऊण वाजता हॉलमध्ये सोफ्याची बाउंड्री करून दाखवला.

आज दोन्ही पालख्या पुण्यात. क्लासला सुट्टी, रस्ते बंद. ती मी आणि कन्या एफसी रोडला चालत गेलो. तीन तास उभ्या. एका वारकरी बाईंनी तिच्या कपाळाला बुक्का लावला, "माऊली, जरा सरका". नंतर एका म्हाताऱ्या बाबांनाही कोणी माऊली म्हणलं, पोलिसालाही माऊली. ती म्हणे माऊली म्हणजे कोण? कन्येने सांगितलं, आई. मग ज्ञानेश्वर बाई होते का? नाही. पुरुष, पण माऊली, शब्द स्त्रीलिंगी, आणि पोलीसही माऊली. चेडूने वही काढली आणि गर्दीत उभ्याउभ्या लिहिलं. म्हणाली हे मी माझ्या वर्गात सांगणार, शब्दाचं लिंग वेगळं आणि माणसाचं वेगळं, यापेक्षा चांगलं उदाहरण मला मिळणार नाही.

६ जुलै, शनिवार

काल युरो कपची क्वार्टर फायनल, जर्मनी-स्पेन, तीही तिच्या श्टुटगार्टला. आपल्याकडे रात्री साडेनऊ. आता आमची पाळी, आम्ही सगळे जागे. ८९ व्या मिनिटाला विर्ट्झने बरोबरी केली तेव्हा ही सोफ्यावरून उडाली, ११९ व्या मिनिटाला स्पेनने हेडर मारला आणि संपलं. तो हँडबॉल दिला नाही यावर ती अजून बोलतेय, कन्येला दहा नवे शब्द आले, शाळेत वापरण्यासारखा एकही नाही. आईंनी रात्री साडेबाराला डोक्याला तेल लावून दिलं. रडली बिचारी थोडी. तेल "नको" म्हणाली नाही.

१० जुलै, बुधवार

हे लिहायला जरा अवघड आहे.

क्लासवाल्यांनी दिवसाला चार तास शिकवायचं ठरवलं होतं, लेखी आहे. प्रत्यक्षात सात तास होतायत, वर्गाबाहेर बसायला जागा नाही, संध्याकाळी रिसेप्शनचे फोनही तिच्याकडे. गर्दी वाढलीय हे खरं. फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने तिच्याच राज्याशी, बाडेन-व्युर्टेंबेर्गशी, कुशल माणसं पाठवायचा करार केला तेव्हापासून ए-वनच्या, म्हणजे जर्मनच्या अगदी पहिल्या पातळीच्या बॅचेसना नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर अशी मंडळी येतायत. पण म्हणून इंटर्नला राबवायचं?

मला दोन आठवड्यांपासून दिसत होतं. मी बोलले नाही. कारण अर्धी फी. ह्याला म्हणलं तर तो म्हणाला, जाऊ दे, तीन महिन्यांचा प्रश्न आहे, उगाच संबंध कशाला बिघडवा. आईंना दिसत होतं ते त्या सरळ म्हणाल्या, "उपाशी रवान काय शिकवतला ता?"

आज तिने स्वतःच कागद घेऊन सरांच्या टेबलावर ठेवला, इथे चार लिहिलंय, मी सात करते, उद्यापासून चार. एवढंच. आवाज न चढवता. सर म्हणे पाच मिनिटं काही बोलले नाहीत आणि मग "ओके" म्हणाले. रात्री त्यांचा मला फोन, "तुमच्याकडे काही बिघडलंय का मॅडम?" मी पहिल्यांदा धीर करून म्हणाले, नाही सर, बरोबर बोलतेय ती. फोन ठेवल्यावर हात थरथरत होते, हे मान्य करते. अर्ध्या फीचं पुढे काय झालं ते: पुढच्या टर्मला पूर्ण भरा म्हणाले. भरू.

१५ जुलै, सोमवार

घरकामाच्या मावशींचं प्रकरण. त्यांच्या भागात म्हणजे श्वाबेन प्रांतात केअरवोखे म्हणून प्रकार असतो, बिल्डिंगमधला जिना आणि अंगण आठवड्याआठवड्याने एकेका घराने झाडायचं, ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते. चेडूने आपल्या भल्यासाठी घरात तसा तक्ता केला, पुठ्ठ्यावर सगळ्यांची नावं, आणि पहिला आठवडा स्वतःचा लावून पहाटे साडेसहाला जिना झाडायला घेतला. सातला मावशी आल्या. बघितलं, चप्पल काढली नाही. "ताई, मला काढायचं असेल तर तोंडाने सांगा."

अर्धा तास समजावण्यात. चेडूला वाटलं होतं आपण फुकट राहतोय, हातभार लावावा. मावशींना वाटलं पगार गेला. शेवटी आईंनी तोडगा काढला: जिना आणि घर मावशींचं, तक्त्यावर फक्त भांडी पुसून जागेवर लावणं आणि झाडांना पाणी. ह्याचंही नाव तक्त्यावर आहे. गेल्या चोवीस वर्षांत पहिल्यांदा त्याने कुकरची शिट्टी कुठल्या कप्प्यात असते ते बघितलं.

खिडक्यांचं भांडण मात्र चालू आहे. तिला दिवसातून दोनदा सगळ्या खिडक्या सताड उघडून हवा खेळवायची असते, त्यातली एक वेळ बरोबर दिवेलागणीची. एरंडवण्यात झिकाचे पेशंट निघालेत, पेपरात रोज येतंय, आणि ही डासांना आमंत्रण देतेय. जाळ्या बसवल्या, दोन हजार आठशे. बजेटबाहेर.

आणि सोडा. तिला साधं पाणी जात नाही, बुडबुड्याचं पाणी लागतं, हा रोज सोड्याच्या बाटल्या आणतो आणि आई रोज विचारतात, पोट बिघडला काय गो?

२५ जुलै, गुरुवार

पहाटेपासून पाऊस कसला, आभाळच फाटलंय. खडकवासल्यातून पाणी सोडलं, सिंहगड रोडला एकतानगरीत घरांत पाणी, बोटी आल्यात. क्लासला सुट्टी. तिच्या बॅचमधली एक नर्स तिकडेच राहते, दुपारपर्यंत फोन लागत नव्हता, मग लागला, वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे आहे. चेडूने आपला टॉवेल आणि दोन टीशर्ट पिशवीत भरून ठेवले, कोण नेणार माहीत नाही. लाइट गेली आहे, लॅपटॉप १९ टक्के, बंद करते.

४ ऑगस्ट, रविवार

गटारी. उद्यापासून श्रावण, आईंचं अंडं-मासे बंद, म्हणून जे काय करायचं ते आज.

चेडूला गावचं जेवण करायचं होतं, मसूर आणि श्पेट्झले. श्पेट्झले म्हणजे मैदा, अंडी, मीठ, थोडं पाणी असं चिकट पीठ, बुडबुडे येईपर्यंत फेटायचं आणि उकळत्या मिठाच्या पाण्यात त्याच्या जाड शेवया पाडायच्या. वर तरंगल्या की झाल्या. अर्धा किलो मैद्याला पाच अंडी. तिकडे त्याला खास दाबयंत्र असतं, ते इथे कुठून आणायचं म्हणून ती ऑनलाइन शोधत होती, साडेतीन हजार. आईंनी तिच्या हातातला फोन बाजूला ठेवला आणि कपाटातून सोऱ्या काढला. लाकडी, त्यांच्या लग्नातला. जाड शेवेची चकती घातली. दाबल्यावर पहिली शेव पाण्यात पडली आणि वर आली तेव्हा ती पोरगी जी किंचाळली, शेजारचे दार वाजवायला आले.

मसुरात त्यांच्याकडे व्हिनेगर घालतात. आईंनी वास घेतला, बाजूला ठेवलं, कोकमाचं आगळ घातलं. चेडूने चाखलं आणि तीन वेळा मान हलवली. बाजूला सॉसेज पाहिजे होतं, त्याच्या जागी आमची कोंबडी आणि वडे. हे जेवण दोन प्रांतांचं झालं, आणि मला खरं सांगायचं तर श्पेट्झले नुसते खाल्ले तर फिके लागतात, मालवणी रश्श्यात बुडवून लागतात झकास.

जेवण झाल्यावर ती म्हणाली "इश बिन सट", म्हणजे पोट भरलं. आई म्हणाल्या, "सात? खय सात, पाचच वडे खाल्लस," आणि अजून दोन वाढायला उठल्या. मग दोघी हसायला लागल्या. आईंना अर्थ माहीत होता. मुद्दाम केलं.

१३ ऑगस्ट, मंगळवार

सुट्टी टाकून आज तिच्या बॅचला मागे बसले. २२ जण. समोरच्या रांगेत इंदापूरकडचा एक इलेक्ट्रिशियन, दोन नर्स, एक फळांच्या गाडीवाल्याचा मुलगा. नर्सना तिकडे कामाला बी-टू पर्यंत जावं लागतं, आत्ता ए-वन आहे, म्हणजे डोंगर समोर आहे.

पहिले काही आठवडे म्हणे ती इंग्रजीतून शिकवत होती, सरांचा तसाच आग्रह, आणि वर्ग समजलं का विचारलं की "येस मॅम" म्हणायचा. पुन्हा तेच, येस आणि नो प्रॉब्लेम. आता फळ्यावर देवनागरीत लिहिते. आईंकडून शिकून आलेली, अक्षर वाकडं आहे. फळ्यावर लिहिलं:

मला थंडी वाजते. मिअर इस्ट काल्ट.
मला आवडतं. मिअर गेफेल्ट.

आणि खाली मोठ्ठं, मला = मिअर.

इंग्रजीत आय अॅम कोल्ड, आय लाइक, म्हणून ही पोरं मी काल्ट आहे, मी गेफेल्ट करतो असं बोलायची. आपल्याकडे थंडी मी नसतो, थंडी मला वाजते. जर्मनमध्येही तसंच. त्या इलेक्ट्रिशियनने हात वर करून विचारलं, "म्हणजे मॅम, मराठीतच विचार करायचा का?" ती म्हणाली, "कधीकधी."

मग आकडे. पंचवीसला ते पाच-आणि-वीस म्हणतात, फ्युन्फ-उंट-त्स्वान्त्सिश. इंग्रजीवाल्याला उलटं वाटतं. आपलं पंचवीस तरी काय, पंच आधी, वीस नंतर. (२०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात वीस पाच असं वाचायला दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, ते जर्मन शिकणाऱ्यांना परवडलं नसतं.) फक्त एकोणतीसला ती अडली, तीसला एक कमी कशाला म्हणता? कोणालाच उत्तर देता आलं नाही.

त्यांचा झेड पण आपल्या पोरांना आधीच येतो, दहाचा त्सेन हा चमच्यातला च. तिला मात्र ळ येत नाही. केळं म्हणताना अजून केलं होतं, काय केलं विचारावं लागतं.

घरी येताना रिक्षात एक सांगितलं तिने ते लिहून ठेवते. जर्मनमध्ये दोख म्हणून एक छोटा शब्द आहे, त्याचं इंग्रजी होत नाही, पुस्तकात अर्धं पान समजावलेलं असतं तरी विद्यार्थ्यांना कळत नाही. आई तिला रोज "ये की", "बस की", "घे की" म्हणतात, तो की म्हणजेच दोख. कॉम दोख, ये की. दोन महिने ज्याला शोधत होते तो शब्द ओमाच्या तोंडात होता, म्हणाली. ओमा म्हणजे आजी, आईंना ती तेच म्हणते.

४ सप्टेंबर, बुधवार

तीन आठवडे काही लिहिलं नाही, रिलीज होतं. ठळक: कन्येला युनिट टेस्टला २५ पैकी २२. चेडूला साडी नेसून क्लासमध्ये जायचं होतं, गेली, जिन्यात पडली, गुडघा सुजला, बरा आहे. मावशी तिच्याकडून "दांके" शिकल्या आणि सगळ्या सोसायटीत म्हणत फिरतात.

८ सप्टेंबर, रविवार, कुडाळ

गणपतीला गावी आलो, आंबोलीवरून, साडेदहा तास, घाटात धुकं. काल चवथ. घरात एकतीस माणसं. चेडूची बडदास्त ठेवायची म्हणून मी आधी सगळ्यांना सांगितलं होतं की तिला आग्रह करू नका, तिला तिखट देऊ नका, तिला वेगळी खोली द्या. मोठ्या जाऊबाईंनी ऐकून घेतलं आणि तिला नारळ खवायला बसवलं. उकडीचे मोदक करायला लागल्यावर तिच्या पहिल्या तीन मोदकांना कळ्याच पडल्या नाहीत, चौथ्याला पाच पडल्या, आतेसासूबाई म्हणाल्या, "चालतला, गणपतीक कळता नवीन आसा ता." रात्री आरतीला झांज तिच्या हातात. फुगडीला दोनदा गेली, तिसऱ्यांदा नको म्हणाली. कोणी ओढलं नाही.

मी मात्र सबंध दिवस तिच्यामागे फिरत होते, यू ओके? यू ओके? शेवटी तिने मला धरून खुर्चीवर बसवलं आणि म्हणाली, "बस की."

१३ सप्टेंबर, शुक्रवार

आज रात्रीची फ्लाइट, म्हणजे पहाटेची. गाडी सहाला.

बॅगेला २३ किलोची मर्यादा. आमच्या वजनकाट्यावर २६.४. आईंनी साजूक तुपाची बरणी दिली होती, दुधातुपाचं युरोपात नेता येत नाही म्हणून ती निघाली. आई रुसल्या नाहीत, "नको तर नको," म्हणाल्या आणि बरणी परत कपाटात. मग जाड पुस्तक निघालं, ते कन्येला. तरी २४.१. मग बूट. ट्रेकिंगचे, चांगले महागाचे, काढून दाराशी ठेवले आणि वर हात धुतल्यासारखं केलं. बॅगेत कोकमं राहिली, आमसुलांची पिशवी राहिली आणि सोऱ्या राहिला. सोऱ्या आईंनी कधी आत ठेवला ते मला माहीत नाही. मी म्हणलं, आई, तो तुमच्या लग्नातला. तर म्हणाल्या, माका आता दाबूक होता काय तो?

गाडीत बसताना ती आईंना "गूटन टाक" म्हणाली. संध्याकाळचे सहा, त्या वेळी ते म्हणतच नाहीत. आई आत गेल्या, पेला घेऊन आल्या, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, तिने उभ्याने प्यायलं आणि पेला परत दिला.

बूट आठ नंबर, कन्येला मोठे होतात, ह्याला लहान. मावशींच्या मुलाला विचारते.

तुळशीबागेतून नवीन सोऱ्या आणायचा, दिवाळीच्या आत. पितळी.